रोहिणीचे पाणी, वर्धेचे पाणी : ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधील एका प्रकरणाचे पुनर्वाचन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आला आहे. आपल्या विहारांतून होणाऱ्या वाचनात आणि प्रवचनांत या प्रकरणाचा उपयोग प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी केला जातो. पहिली गोष्ट अशी की, वृद्ध, रुग्ण आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि तिच्या जागी बुद्धीला पटणारे ऐतिहासिक कारण ठेवले. दुसरी गोष्ट अशी की, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. ही दोन्ही वाचने बरोबर आहेत. परंतु ती अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे प्रकरण युद्धाविषयी जितके आहे तितकेच ते सभागृहाविषयी आहे. पाण्याचा निर्णय कोण घेतो, कोणाच्या उपस्थितीत घेतो, आणि ज्याच्या शेतात वा घरात ते पाणी जावयाचे त्याचा शब्द तेथे पोहोचतो की नाही, हा त्याचा गाभा आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील वाचकाला तर हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा मुळीच वाटू नये.

प्रथम संहितेकडे वळू. बाबासाहेबांच्या मांडणीनुसार शाक्य आणि कोलिय या दोघांचीही शेती रोहिणीच्या पाण्यावर होती. पाणी आधी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे यावरून दर हंगामात वाद होत असे. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना या वादातून मोठी मारामारी झाली. ती झाली शाक्यांच्या आणि कोलियांच्या सेवकांमध्ये. पालि परंपरेतही, म्हणजे कुणालजातकात आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत, कलहाचा आरंभ बांधावर काम करणाऱ्या दास-कम्मकरांमध्येच होतो आणि मग तो पायरीपायरीने राजकुलांपर्यंत चढतो. म्हणजे ज्यांची डोकी फुटली ते बांधावरचे श्रमिक होते. शाक्य संघाच्या संथागारात जे बसले ते मात्र जमिनीचे धनी होते. सेवकांपैकी कोणी तेथे साक्ष द्यावयास आल्याचा निर्देश संहितेत नाही. हे मौन अर्थपूर्ण आहे आणि त्याकडे आपल्या भाष्यकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

संथागारातील कामकाज मात्र निर्दोष आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ त्याला उपसूचना देतो. शाक्यांनी दोघे निवडावेत, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा, अशी ती उपसूचना आहे. तिला रीतसर अनुमोदन मिळते, ती मतास टाकली जाते आणि प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक शाक्याला सैन्यात दाखल करण्याचा ठराव येतो. आदल्या दिवशी युद्धाविरुद्ध मत देणारे सभासद या वेळी गप्प बसतात, कारण बहुमताला विरोध करण्याचे परिणाम ते जाणून असतात. एकटा सिद्धार्थ उठतो. तेव्हा सेनापती त्याला बजावतो की, संघ त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो आणि त्यांच्या जमिनी जप्त करू शकतो.

हा तपशील बाबासाहेबांनी सहज लिहिलेला नाही. बहिष्कार आणि जमीन ही दोन शस्त्रे महाराष्ट्रातील प्रत्येक महारवाड्याच्या परिचयाची होती. मत देण्याचा अधिकार कागदावर सर्वांना सारखा असला तरी ज्याची भाकर दुसऱ्याच्या हाती आहे त्याचे मत मोकळे राहत नाही, हे सत्य त्यांनी शाक्यांच्या सभेत नेऊन ठेवले आहे. मतदान झाले, बहुमतही खरे होते, नियमांचा भंग कोठेच झाला नाही, आणि तरीही निर्णय अन्यायाचा झाला. लोकशाहीचे बाह्यरूप आणि तिचा आशय यांतील अंतर इतक्या थोड्या शब्दांत दाखविणारे दुसरे प्रकरण आधुनिक बौद्ध वाङ्मयात क्वचितच सापडेल.

येथे आपल्या एका आवडत्या प्रतिपादनाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. प्राचीन गणराज्ये ही लोकशाहीची उगमस्थाने होती आणि म्हणून लोकशाही हा आपला वारसा आहे, असे आपण वारंवार लिहितो. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात प्राचीन भारतातील गणराज्यांचा आणि भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा गौरवाने उल्लेख केला होता. मात्र त्यांचा भर संघाच्या सभानियमांवर होता, हे विसरता कामा नये. गणराज्यांना सरसकट लोकशाही ठरविण्याची प्रवृत्ती मुख्यतः काशीप्रसाद जायसवाल यांच्या १९२४ मधील ‘हिंदू पॉलिटी’सारख्या राष्ट्रवादी इतिहासलेखनातून आली. वैशालीत ७७०७ राजे होते असे जातककथा सांगते. ही संख्या मोठी खरी, परंतु ते राजे होते, सर्व वैशालीकर नव्हते. उमा चक्रवर्ती यांनी आरंभीच्या बौद्ध धर्माच्या सामाजिक बाजूवर लिहिलेल्या ग्रंथात (१९८७) गणसंघांतील सत्ता क्षत्रिय कुलांपुरती मर्यादित होती आणि दास-कम्मकर तिच्या बाहेर होते, हे साधार दाखविले आहे. भिक्खुसंघाची गोष्ट वेगळी होती. तेथे उपाली नावाचा न्हावी शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रजित झाला आणि म्हणून त्यांना ज्येष्ठ ठरला, तर सुनीतासारखा झाडलोट करणारा थेर झाला. आपला वारसा वैशालीच्या संथागाराचा कमी आणि या संघाचा अधिक आहे.

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी येणारे वज्जींचे सात अपरिहानीय धम्म आपल्या प्रवचनांत नेहमी सांगितले जातात. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकमताने जमतात, एकमताने उठतात, इत्यादी. परंतु त्याच प्रसंगी मगधाचा अमात्य वस्सकार ब्राह्मण जो निष्कर्ष काढतो, त्यावर आपण थांबत नाही. वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही, जिंकायचे तर ‘उपलापन’ किंवा ‘मिथुभेद’ यांनीच, असे तो म्हणतो. मिथुभेद म्हणजे आपसातील फूट. उपलापन शब्दाचा अर्थ अट्ठकथेने स्पष्ट केला आहे. गोड बोलून, हत्ती, घोडे, रथ, हिरण्य, सुवर्ण पाठवून आपलेसे करून घेणे म्हणजे उपलापन. वज्जींची सभा बंद पाडण्याची मगधाला गरज नव्हती. सभा भरत राहावी, मतेही पडत राहावीत, फक्त सभासदांपर्यंत सुवर्ण पोहोचले म्हणजे काम झाले. धनवानाचा राजकीय प्रभाव कसा चालतो याचे इतके नेमके विश्लेषण प्राचीन ग्रंथांत अन्यत्र शोधावे लागेल.

आता वऱ्हाडाकडे येऊ. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा प्रकल्प आहे. तो अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील शेतीच्या सिंचनासाठी बांधला गेला आणि अमरावती शहराची तहानही त्यावरच भागते. वऱ्हाडातील सिंचनाचा अनुशेष हा जुना प्रश्न आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो मोजून दाखविला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, आणि कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातील मोठा वाटा सिंचनासाठी होता. आणि त्याच दशकात अप्पर वर्धेचे प्रतिवर्षी ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी नांदगावपेठ येथील खासगी औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झाले. ‘सोफिया’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिलेला हा प्रकल्प आधी इंडियाबुल्स समूहाचा होता. नंतर तो रतनइंडिया या नावाने चालू लागला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने शासकीय कागदपत्रांवरून केलेल्या अभ्यासानुसार या मंजुरीमुळे सुमारे २३ हजार हेक्टर सिंचनक्षमता घटणार होती.

ही मंजुरी कोणी दिली? राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्याखालोखाल उद्योगाला प्राधान्य दिले होते आणि शेती तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. पाणीवाटपाचे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत असे. २००५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन करणारा कायदा संमत केला आणि क्षेत्रीय वाटप ठरविण्याचा अधिकार या प्राधिकरणाकडे जावा अशी रचना केली. तरीही समितीच्या मंजुऱ्या चालूच राहिल्या. अमरावतीतील शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर आले, न्यायालयातही गेले. त्यानंतर २०११ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार राज्य मंत्रिमंडळाकडे गेला आणि समितीने आधी घेतलेल्या निर्णयांना कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी जलनीतीत शेतीला पुन्हा दुसरे स्थान देण्यात आले. म्हणजे आंदोलनाला तत्त्व मिळाले आणि प्रकल्पाला पाणी मिळाले. पुढे नांदगावपेठ येथे १,३५० मेगावॉट क्षमतेचे पाच संच उभे राहिले.

शाक्य संघातील प्रसंगाशी याचे साम्य डोळ्यांत भरते. येथेही विधिमंडळ निवडून आलेले होते, ठराव रीतसर होता आणि बहुमत खरे होते. मात्र वज्जी नवे विधान करीत नाहीत व जुने मोडीत नाहीत, या तिसऱ्या अपरिहानीय धम्माची कसोटी लावली तर काय दिसते? नियम आधी केला, तो अडचणीचा ठरला तेव्हा मागील तारखेपासून बदलला. सामान्य नागरिकाने नियम मोडला तर नागरिकाला शिक्षा होते. बलिष्ठांच्या सोयीचा निर्णय नियमात बसला नाही तर नियमालाच शिक्षा होते.

यावर कोणी म्हणेल की, लोकांनी मताचा उपयोग नीट केला नाही. हा आक्षेप निदान वऱ्हाडाला लागू पडत नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली तेव्हा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता आणि परिषदेतील बहुतेकांना मताधिकार नव्हता. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये आणि सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये मताधिकाराच्या विस्तारासाठी बाबासाहेबांनी जो आग्रह धरला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. सत्तर वर्षांनी याच भूमीतून, १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई निवडून गेले. दोन्ही मतदारसंघ तेव्हा सर्वसाधारण होते. बौद्ध, अल्पसंख्य आणि लहान ओबीसी जातींना एकत्र आणणारा ‘अकोला पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्रात चर्चिला गेला आणि अकोला जिल्हा परिषदेची सत्ता त्यातून हाती आली. मत कसे वापरावे हे वऱ्हाडाने इतरांना शिकविले, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. असे असूनही खारपाणपट्ट्यातील गावांना गोड्या पाण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले आणि वर्धेच्या पाण्याची मंजुरी त्यांच्या मताची वाट पाहत थांबली नाही. याचा अर्थ मत निरुपयोगी आहे असा नव्हे. मताने खुर्चीत कोण बसेल हे ठरते. खुर्चीसमोर कोणते कागद येतील हे मात्र दुसऱ्याच शक्तीने ठरते.

ती शक्ती कोणती, याचे उत्तर देशाच्या पातळीवर अलीकडे न्यायालयानेच दिले. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, परंतु नफ्याच्या प्रमाणात मर्यादा राहिली. २०१७ मध्ये साडेसात टक्क्यांची ती मर्यादाही काढून टाकली गेली आणि २०१८ च्या आरंभी निवडणूक रोख्यांची योजना अंमलात आली. एक हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घेता येत, परंतु देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. विकल्या गेलेल्या रोख्यांच्या रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली. एक हजाराचा रोखा गरिबासाठी होता, असे म्हणावयाचे तर गरिबाने त्याकडे पाठच फिरविली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली, आणि राजकीय प्रक्रियेवर प्रभाव टाकण्याची कंपनीची ताकद व्यक्तीच्या ताकदीपेक्षा कितीतरी अधिक असते, हे मान्य केले. अट्ठकथाकारांनी ज्याला उपलापन म्हटले त्याचीच ही आधुनिक व्याख्या होय. नांदगावपेठच्या प्रकल्पाच्या संदर्भात कोणी कोणाला काही दिले, असा आरोप येथे करावयाचा नाही. प्रश्न रचनेचा आहे. ज्या रचनेत सुवर्ण गुप्तपणे संथागारात जाऊ शकते, तेथे प्रत्येक निर्णयाविषयी संशय उरतो, आणि प्रामाणिक निर्णयही त्या संशयातून सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीज ही सर्वांची गरज आहे, दलित वस्तीतील दिवाही तिच्यावरच जळतो, मग उद्योगाला पाणी देण्यात गैर काय? याचे उत्तर असे की, विजेला पाणी देऊच नये असे येथे कोणी म्हणत नाही. सिद्धार्थानेही शाक्यांनी पाणी सोडून द्यावे असे म्हटले नव्हते. दोन्ही बाजू समोरासमोर बसवून वाद मिटवावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याचा आग्रह निर्णयाच्या पद्धतीविषयी होता.

येथेच ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, आणि ही व्यवस्था कोणत्याही संसदीय बहुमताला बदलता येऊ नये म्हणून ती संविधानातच नमूद व्हावी, अशी त्यात बाबासाहेबांची योजना होती. राज्याने हात मागे घेतला की स्वातंत्र्य वाढते, हा समज त्यांनी खोडून काढला. असे स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि भांडवलदाराला मजुरी कमी करण्याचे असते, हे त्यांनी दाखविले. संविधानात ही योजना आली नाही, आणि राजकारणात समता व समाजात विषमता या विसंगतीचा इशारा त्यांना १९४९ मध्ये द्यावा लागला. परंतु वर्धेच्या पाण्याचा अनुभव एक पुढचा प्रश्न उपस्थित करतो. हे धरण राज्याच्याच मालकीचे होते. कालवेही राज्याचे होते. मालकी सार्वजनिक असूनही पाणी कोठे वळवावे हे लोकांसमोर ठरले नाही. राज्याची मालकी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तिला निर्णयपद्धतीची जोड हवी.

ही जोड विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात वाद मिटविण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत पहिला ‘सम्मुखाविनय’ होय. वादाचा निर्णय संघासमोर, धम्मासमोर, विनयासमोर आणि ज्या व्यक्तींचा तो वाद आहे त्यांच्यासमोर झाला पाहिजे. संबंधित व्यक्ती गैरहजर असेल तर निर्णय पूर्ण होत नाही. बहुमताचा मार्ग, ‘येभुय्यसिका’, त्यानंतर येतो, आणि तेथे शलाका गोळा करणारा भिक्खू छंद, द्वेष, भय आणि मोह या चार अगतींपासून मुक्त असावा अशी अट आहे. शाक्यांच्या सभेत भय होते, वज्जींच्या सभेत छंद शिरला, आणि २०११ च्या दुरुस्तीत सम्मुखताच नव्हती. संघाचा विनय गणराज्याच्या पुढे गेला तो येथे.

परंतु सम्मुखतेचा आग्रह आपण स्वतःलाही लावला पाहिजे. अप्पर वर्धेच्या आंदोलनाचा कणा लाभक्षेत्रातील शेतकरी होता, आणि ते स्वाभाविक होते. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागासाठी २००५ मध्ये जो कायदा झाला, त्यातील पाणीवापर संस्थांचे सदस्यत्वही जमीनधारकालाच मिळते. वऱ्हाडातील बौद्धांपैकी अनेकजण भूमिहीन शेतमजूर आहेत. कालव्याला पाणी आले तर निंदणी, वेचणी आणि दुसऱ्या हंगामाची मजुरी त्यांना मिळते. पाणी वळले तर सर्वांत आधी त्यांचे काम जाते. तरीही कंपनीविरुद्ध शेतकरी या वादात ते कोणत्याच बाजूच्या यादीत नसतात. रोहिणीच्या बांधावरील सेवक अजून बांधावरच उभा आहे.

बाबासाहेबांनी हे जाणले होते, याचा पुरावा प्रकरणाच्या उत्तरार्धात आहे. सिद्धार्थ गेल्यानंतर कपिलवस्तूतील स्त्रीपुरुष, मुलेमुली मिरवणुका काढून युद्धाला विरोध करतात. सभागृहाबाहेरच्या या लोकमतामुळे संघाला पुन्हा बसावे लागते, समेट होतो, आणि रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचे लवाद मंडळ स्थापन होते. सिद्धार्थाची उपसूचना अखेर लोकांनी मान्य करून घेतली. सामान्य माणसाचा राजकीय प्रभाव मतपेटीपाशी संपत नाही, याचा हा पाठ आहे. ही वार्ता राजगृहात पाच परिव्राजक सांगतात तेव्हा सिद्धार्थाने परत येण्यास हरकत उरलेली नसते. तरी तो परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील कलह प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतील कलह मात्र अखंड असतो आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याला उमगलेले असते. लवाद मंडळाने शाक्य आणि कोलिय यांच्यात पाणी वाटले. पाणी ज्यांनी शेतात नेले त्यांच्या वाट्याचा प्रश्न त्या मंडळापुढे आलाच नव्हता.

म्हणून या प्रकरणाचे वाचन विहारात करताना ते वैशाख पौर्णिमेच्या प्रवचनापुरते ठेवू नये. आपल्या विहारांची सभागृहे ही आपली संथागारे आहेत. जिल्ह्यातील धरणाचे पाणी या वर्षी कोणाला किती मंजूर झाले हे माहितीच्या अधिकारात मागविता येते. ते तेथे मोठ्याने वाचले जावे. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना निघाली तर ती समजावून सांगितली जावी, आणि तेथे भूमिहीन मजुराने आपल्या नावाने निवेदन द्यावे. कालवा सल्लागार समितीपुढे मजुरांचे म्हणणे ऐकले जावे अशी मागणी ग्रामसभेत ठरावाने नोंदविली जावी. ही कामे लहान आहेत. परंतु ज्याच्या गैरहजेरीत निर्णय होतो त्याने हजर होणे, हीच सम्मुखाविनयाची पहिली अट आहे, आणि ती अट दुसरा कोणी आपल्यासाठी पूर्ण करू शकत नाही.